मुद्देमाल

कोरचीच्या फाट्यावर वारलूची गाडी अडवली.
सीटखालून थैली काढली
अन् विचारलं, कोणाचे?

आता काय सांगणार तो.
सत्तर पानांचा एक पुडा, सायेब,
पहाटे तीनला उठून, अस्वलाच्या वाटेनं जाऊन
सालीच्या दोरीनं बांधलेला.
असे शंभर म्हणजे शेकडा.
असे शेकडे. अख्ख्या फडीचे.

नाव सांग, नाव.
रैनूबाईचं सांगू का जुरूच्या पोराचं,
का त्या बुधनीचं,
जी बारसं व्हायच्या आधी पानं तोडाले आली?

पंचनाम्यात लिहिलं: संशयित रक्कम,
जंगलातल्यांना जात असावी.
(आम्हीपण जंगलातलेच. ते नाही लिहिलं.)

वारलूवर एक कलम लागलं नाही.
तो सुटला संध्याकाळीच,
पैसे मात्र आत.
लाखेची मोहर, चिठ्ठी, नंबर सत्तावीस.
तेव्हा हसलोही आम्ही,
पैशाले जामीन कोन देते रे?

मग तारखा.
सायेब बदलून गेले. कारकून रजेवर.
किल्ली गडचिरोलीला.

दिवाळी सरल्यावर एका रात्री
पाचशे-हजाराच्या नोटा मेल्या.
आमच्या त्या तिथं आतच मेल्या,
कोणी निरोप धाडला नाही.

परवा थैली तेवढी मिळाली, सही घेऊन.
थैली रैनूबाईची. जाड आहे,
मोहाले कामी येईन, म्हणाली.
नाल्यावर दगडानं घासली, तरी लाखेचा डाग जाईना.

लाखबी आपल्याच पळसाची व्हय, म्हणाली,
अन् थैली काट्यावर वाळत घातली.