सय

फोंड्याला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये
सतरा माणसांपुढं मी ‘चूल’ वाचली.
ओली लाकडं, धूर, मुंडकाराचं खोपट
आणि शेवटी एक काळोख,
‘इतिहासाइतका जुना’.
हळर्णकर सरांनी डोळे मिटून घेतले.
ते डोळे मिटतात तेव्हा परीक्षण चांगलं येतं.

मग सुलक्षा गावडे उठली.
तिच्या कवितेत नवी स्कूटर होती,
मार्दोळचा उतार, ओढणीत शिरलेला वारा,
आणि हेल्मेटच्या आत, कुणाला ऐकू न जाता,
घेतलेलं एक नाव.
तेवढंच.

सर म्हणाले, लय चांगली आहे,
पण यात तुमचा वर्ग कुठं आहे?
बोरीचा एक मुलगा तडकला : कविता म्हणजे काय रेशनकार्ड?
मागून कुणी म्हणालं, वर्ग वर्ग काय करता,
जात म्हणायला जीभ जड होते म्हणून?
खुर्च्या करकरल्या. मी माझ्या डायरीत
‘जाणीव’ लिहून दोनदा अधोरेखित केलं.
सर तिलाच धरून बसले :
तुमच्या माणसांचं दुःख तुम्ही नाही लिहिणार,
तर कोण लिहिणार?
‘हे लिहितात की,’ ती म्हणाली,
आणि माझ्याकडं बोट केलं.
लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

खाली चहाच्या गाड्यावर तिनं पाव बुडवला.
‘चूल चांगली आहे हं.
फक्त आमच्याकडं गॅस होता, मी पहिलीत असल्यापासून.
वीज नव्हती.
खांब आमच्या अंगणात, तार तुमच्या पंपाला.
दहावीचा अभ्यास मी तुमच्या पंपघरात केला,
मोटरच्या घरघरीत. अजून शांततेत वाचता येत नाही.
अर्जावर भाटकाराची ना-हरकत लागायची.
अकरा वर्षं.’
पावाचा तुकडा कपात पडला, तो तिनं बोटानं काढला.
‘काळोख आमचो. पूण सय तुमची.’

सय.
तिच्या कोंकणीत सही.
मी आयुष्यभर मराठीत वापरला हा शब्द
आठवण म्हणून,
पावसाळी, हळवा, यमकाला सोपा.

तिनं स्कूटर सुरू केली. हेडलाइट
माझ्या चपलांवरून फिरून रस्त्याला लागला.

बाबांच्या कपाटात, सुपारीच्या हिशेबांखाली
अर्ज सापडला. एक नाही, चार.
तिच्या बापाचं अक्षर माझ्याहून वळणदार.
प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाबांची पेन्सिल :
नंतर पाहू.
बाबा वाईट नव्हते, हे वाक्य मी
मनात तीनदा लिहून पाहिलं.
तिन्ही वेळा ते कवितेसारखं झालं.

दिवाळी अंकाकडून ‘चूल’चं प्रूफ आलंय.
‘इतिहासाइतका जुना’ खोडून मी
‘अकरा वर्षांचा’ केलं. ओळ लंगडते.
मग वाटलं, चूलच खोटी आहे, सगळंच काढावं.
मग वाटलं, सरांना ती आवडली होती.

तळाशी संपादकांनी लिहिलंय,
तपासून सही करून परत पाठवा.
आठवडा झाला,
प्रूफ त्या चार अर्जांवरच पडून आहे.