कॅबिनेटशिवाय

यादी मी विजेच्या बिलामागे लिहिली होती.
दादांना कोरा कागद वाया गेलेला चालत नाही.
वर ठळक आकडा: तेहेतीस हजार.
खाली इतकी खाडाखोड
की बिलच वाचायला सोपं.

अठरा आईच्या भिशीचे,
नऊ माझे, शिकवण्यांचे,
सहा दादांनी कपाटातून काढले,
कुठले ते सांगितलं नाही.

तापकीर गल्लीत दादा माझ्यापुढे चालत होते.
चाळीस वर्षं वायरमन.
होल्डर-स्विचवाले गल्ल्यावरून हाका मारत होते,
"काय शेडगे, रिटायर झालात ना?"
मला मात्र वरच्या मजल्यावर जायचं होतं,
जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

चोरडियाने बजेट विचारलं.
ऐकून यादीकडे नाही, दादांच्या चपलांकडे पाहिलं.
"गेमिंग?"
"नाही, अ‍ॅनिमेशन."
"म्हणजे गेमिंगच. फक्त पगाराचं."

ग्राफिक कार्ड काचेआड,
तीन पंखे, वरातीतल्या घोड्यासारखं सजलेलं.
किंमत ऐकून दादा एवढंच म्हणाले,
"ह्याच्याशिवाय चालतच नाही का?"
चालतं. हळू चालतं.
एका झाडाची सावली नीट पडायला
अख्खी रात्र जाते.
"मग रात्र आहे की," दादा म्हणाले.

कार्ड गेलं.
रॅमच्या दोन पट्ट्यांमधली एक गेली.
मॉनिटर हिंजवडीतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा,
कोपऱ्यात स्टिकर तसाच: सीट १४७.
मी नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

मग चोरडियाने एसएमपीएस पुढे सरकवला,
"सातशे. सगळे हाच नेतात."
इतका वेळ भिंतीला टेकून उभे असलेले दादा
पुढे आले. तळहातावर तो तोलला,
कोबीचा गड्डा तोलावा तसा.
"हलका आहे. आत तांबं नाही."
"काका, चालतो हो."
"चालतो ना. जळेपर्यंत."

त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख नाही.
कुठल्या खांबावर गेलं ते आम्ही विचारत नाही.

एकेचाळीसशेचा घेतला.
ग्राफिक कार्डाला 'रात्र आहे की' म्हणणारा माणूस
ह्या काळ्या ठोकळ्यासाठी
एक रुपयाही घासाघीस न करता उभा.
बेरीज केली तेव्हा कॅबिनेट यादीबाहेर पडलं होतं.
"डबा नाही घेणार? मग ठेवणार कशात?"
चोरडिया पहिल्यांदा मनापासून हसला.

धायरीच्या बसमध्ये
दादांच्या मांडीवर सीट १४७,
कंडक्टरने तिचंही तिकीट मागितलं, गमतीत.
दादांनी सुटे पैसे मोजायला घेतले होते.

घरी आधी अर्थिंग.
तासभर ते मीटरपाशी, मी खोक्यांपाशी,
आई मध्ये, दोघांना जेवायला बोलावत.
मग शिलाई मशीनच्या फळीवर
मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर उघडा पसरला.
प्रोसेसर बसवून खटका दाबताना
कर्र असा आवाज आला,
अकरा हजार दोनशेचा आवाज.
व्हिडिओतला मुलगा म्हणत होता, घाबरू नका.
त्याच्या मागे आठ डबे होते, काचेचे, निळे उजेड असलेले.

सगळ्या तारा लागल्या.
आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं,
बटण कॅबिनेटला असतं.

मी खाली बसले. आई म्हणाली, "दुकान उघडं असेल अजून?"
दादांनी चष्मा पुसला.
"बटण म्हणजे काय गं?
दोन टोकं क्षणभर टेकवायची. बास."
शर्टाच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघाला,
मुठीला जुनी पिवळी टेप.
"कुठली दोन?"
मी पुस्तिकेतल्या चित्रावरून मोजून
उदबत्तीच्या काडीने पिना दाखवल्या.

टेकवला.
पंखा आधी थोडा मागे गेला, मग फिरला.
नऊ सेकंदांनी सीट १४७ उजळली.

"आणि उद्या सुरू करायचा असेल तर?"
"हाक मार की."

कॅबिनेट यायला दिवाळी उजाडली.