शाईचं वजन

परभणीत, रजिस्ट्री ऑफिससमोर,
आठ बाय दहाच्या दुकानात
मी मे महिन्यापासून शाई मोजतोय.
छापलेली नाही.
न छापताच गेलेली.

संध्याकाळी टाकी डहाळे सराफांच्या काट्यावर:
चौऱ्याऐंशी ग्रॅम, बासष्ट.
सकाळी पुन्हा: चौऱ्याऐंशी, एक्केचाळीस.
मधल्या रात्रीत एकही कागद निघालेला नसतो.
डहाळे चष्म्यावरून बघतात.
"सोन्यात असली घट आली असती
तर पोराला चौकीत बसवलं असतं."
चोर ओळखीचा आहे काका, मी म्हणतो,
हाती लागत नाही एवढंच.

शाई म्हणजे बहुतेक पाणीच.
ते उठून गेलं की रंग मागं राहतो,
दाटतो,
केसाहून बारीक छिद्रांत ठाण मांडतो,
आणि फेरफाराच्या नकलेवर
आडव्या पांढऱ्या रेघा येतात.
लोक म्हणतात, मशीन बाद झालं.
मशीन धडधाकट आहे हो. घसा बसलाय.

पहिली टाकी ॲक्रिलिकची केली.
काय दिसायची! चारी रंग
सरबताच्या बाटल्यांसारखे उन्हात उभे.
ती भिंतीतूनच पाणी सोडायची.
मग पॉलीप्रॉपिलीन आणलं, जाड, दुधट,
पातळी बघायला डोळे बारीक करावे लागतात.
नळी सिलिकॉनची होती, मऊ, लाडाची;
काट्यानं तिचंही नाव सांगितलं.
तिच्या जागी वाळूजहून ताठ नळी मागवली,
वाकवताना बोटं दुखतात.

एकदा इरेला पेटून सगळंच बंद केलं.
तोंडाला रबर, रबरावर मेण.
घट शून्य. डहाळ्यांनी चहा पाजला.
दुसऱ्या दिवशी इरफाना शिष्यवृत्तीचा फॉर्म काढायला आली.
नाव ठळक आलं,
कॉलेज अर्धं,
त्याखाली कोरा कागद.
"माझा पत्ता कुठं गेला?"
शाई भरपूर होती.
हवा आत शिरेना, तर शाई बाहेर येणार कशी?
टाकी स्वतःचेच गाल आत ओढून बसली होती.

म्हणून झाकणावर एक चर कोरला.
अर्धा मिलिमीटर रुंद,
वाट मात्र दोन हात लांब,
जाऊन वळून, येऊन वळून,
समोरच्या ऑफिसातल्या फायलीसारखी
या टेबलावरून त्या टेबलावर.
वर पातळ फिल्म डकवली.
हवेचं काय, आतून ओढलं की ती येते.
वाफेला मात्र एकेक पाऊल चालावं लागतं,
आणि दर वळणावर
आधी निघालेल्या वाफेचीच गर्दी.

सात दिवस आकडा हलला न हलल्यासारखा.
मी वहीत त्याला गोल केला.
आठव्या दिवशी कूलरमधलं पाणी संपलं.
संध्याकाळपर्यंत टाकी पुन्हा पहिल्यासारखी हलकी व्हायला लागली.
म्हणजे आठवडाभर
बाई वाळ्याच्या पडद्याशेजारी बसून
फुकटच्या ओलाव्यावर शहाणी दिसत होती!

गोल खोडला.
फिल्मची एक कड सुटली होती, ती तापवून बसवली.
टाकी वरच्या पत्र्याच्या खोलीत नेली,
जिथं दुपारी चपलेचा तळ मऊ पडतो.
बावीस दिवस.
रोज जिना, रोज काटा,
रोज डहाळ्यांचं "काय म्हणते शाई?"

आज सकाळी दशांशानंतर दुसऱ्या घरात
फक्त एक.
"हा तर काट्याचा हेलकावा," डहाळे म्हणाले.
नाही, तिचीच आहे. लिहू द्या.

फॉर्मची तारीख वाढली होती.
इरफानाचा कागद पुन्हा काढला,
घर नंबर, गल्ली, पोस्ट,
पिन कोडचा शेवटचा आकडासुद्धा.
अजून ओला होता.
फुंकर घालत घालत
ती पायऱ्या उतरून गेली.