पहिलं पाणी हलकं

डॉक्टर तिदमेंनी दंडावरचा पट्टा सोडला
आणि म्हणाल्या, "ताण कमी करा,"
लोणचं कमी करा म्हणतात, त्या आवाजात.
मी हो म्हटलं.
सातपूरकडे स्कूटर वळवताना
मनात मालाची आवक-जावक जुळवत होते,
चार पेट्या कमी येत होत्या.

देवळ्याहून भाऊ आला डाळिंबं घेऊन.
त्याला सांगितलं, तर हसला.
"ताण वाईट नसतो गं. आम्ही मुद्दाम देतो झाडाला.
पाणी बंद करतो, पानं गळू देतो,
तेव्हा कुठे बहर धरतो.
पण ताण तोडायची तारीख
आधी लिहून ठेवलेली असते.
तुझी कुठे लिहिलीय?"

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं.
सोमवार, जीएसटीचे कागद.
मंगळवार, सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब.
बुधवारी लभडे साहेबांची मीटिंग, ती संपेल तेव्हा बाजार.
गुरुवारी तन्मयची फी, शुक्रवारी भिशी, नणंदेचा फोन.
शनिवारी कंपनीला सुट्टी,
म्हणून शनिवारी जे जे उरलं ते सगळं.
रविवारच्या चौकोनात दूधवाल्याचे खाडे.
माझं नाव एकदाच सापडलं,
गॅसच्या नंबराशेजारी.

त्या बुधवारी मीटिंग लवकर सुटली.
गंगेवर बाजार अजून भरत होता.
पेठकडून आलेली एक बाई
नागली आणि खुरासणीची गाठोडी उतरवत होती.
कापड अंथरलं, आणि माल मांडायच्या आधी
एका कडेला पोत्याची चौघडी घातली,
शेजारी पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं,
एक पाय लांब करून पाहिला, पुरेल का ते,
मग उरलेल्या कापडावर ढीग लावू लागली.
मी विचारलं, "मावशी, आधी स्वतःची जागा?"
"माल कुठं बी बसतो बाई," ती म्हणाली,
"मानूस न्हाई बसत."
अर्धा किलो नागली घेतली.
घरात नागली कुणी खात नाही.

रात्री नव्या महिन्याचं पान उलटलं.
आधी तीन चौकोन, पेननं.
बाकी सगळं पेन्सिलीनं.
भिशी सोडली. सोसायटीचा हिशोब
निमसेंच्या दारात ठेवून आले, बेल न वाजवता.
तीन चौकोन असे समोर, धुतलेल्या ताटासारखे,
आणि त्यात काय वाढायचं
ते मला आठवेना.

कितीतरी वेळ आठवेना.
लिहिलं, "चालणं." खोडलं, ते डॉक्टरांचं होतं.
लिहिलं, "वाचन." ते तन्मयला सांगायचं म्हणून होतं.
मग कुठून तरी वर आलं:
आठवीत असताना नदीकाठी उभी होते,
चुलतभाऊ एकामागून एक उड्या मारत होते,
माझ्याकडे त्यांचे कपडे होते.

त्र्यंबक रोडच्या तरणतलावावर
बायकांची बॅच सकाळी सहाला.
पहिला मंगळवार थेंबांनी खाल्ला.
गुरुवारी गेले, पायरीवरच बसून आले.
शनिवारी टोपी विसरले.
भावाला फोन केला, हे काही जमायचं नाही.
तो म्हणाला, "ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच द्यायचं.
एकदम भरपूर सोडलं तर आलेली फुलं गळतात."

दुसऱ्या मंगळवारी थेंब तन्मयनं घातले,
अर्धे गालावर, सासूबाई म्हणाल्या, पण घातले.
मौले मॅडमनी पाठीखाली दोन बोटं धरली.
"मान सोडा. हिशोब करताय का? मान सोडा."
मान सोडली.
कानात पाणी, आणि पाण्यात काहीच नाही.
लभडे साहेब नाहीत, चार पेट्या नाहीत,
वर नाशिकचं नुकतं उजाडणारं आभाळ,
दोन बोटं कधी काढून घेतली कळलं नाही.

चार श्वास तरंगले.
पाचव्याला गॅस आठवला
आणि नाकात पाणी गेलं.