साठ घोड्यांना शेक

धरणगावच्या जिनिंगात ही मोटार
चार महिने गोदामात पडून होती, गोणपाटाखाली.
नावपट्टीवर साठ अश्वशक्ती,
पोटात पावसाळ्याची ओल.
मेगर लावला,
काटा शून्याशी बसून राहिला,
रुसलेल्या पाहुण्यासारखा.

रऊफ पिंजारी म्हणाले, “हिले शेक द्या.”

मग ताडपत्रीचा तंबू केला,
आत दोनशे वॉटचे चार दिवे,
वाफेला वरून फट,
आणि जवळ मी, वर्डीच्या सपकाळ्यांची पोर,
रात्रभर.
माझ्या वेळी आईच्या बाजेखाली
अशीच शेगडी असेल, निखाऱ्यांवर ओवा.
इथे वास फक्त वॉर्निशचा.

दर तासाला दिवे बंद, मेगर, वहीत आकडा:
शून्य पॉइंट तीन.
शून्य पॉइंट तीनच.
पहाटे चारला एक.
सहाला साडेतीन, आणि बाहेर बैलगाडीवर
पहिला कापूस येऊन उभा.

जोडण्याआधी तिला एकटीलाच एक झटका दिला.
उलटी फिरली.
लाल आणि पिवळी वायर अदलाबदल केली, सुलटी झाली.
मग पायाखाली पत्र्याचे तुकडे, केसाएवढे पातळ,
एक काढ, दोन घाल.
डायलचा काटा चार रेषा उडाला.
“अजून अंतरपाट हाये,” चाचा म्हणाले,
आणि बोल्ट पुन्हा सैल केले.

चाचांचे आजोबा घरोघर फिरून गाद्या पिंजायचे.
चाचा छत्तीस वर्षं जिनिंगात.
संध्याकाळी नळाखाली हात धुताना
ते बोटं मोजतात. मोठ्यानं.
दहा झाली की नळ बंद.
मी पहिल्या दिवशी हसले होते.

त्याच दिवशी त्यांनी मला कुलूप दिलं, लाल रंगाचं,
आणि माझ्या नावाची पाटी:
माणूस कामावर आहे.
“मेन खाली पाडी का लावजो.
कुलूप तुनं, किल्ली बी तुनी.
कोनले देवानी नही.
माले बी नही.”

अकरा बेचाळीसचा मुहूर्त.
धनराजशेठ फेटा बांधून, हातात नारळ,
भटजींची नजर भिंतीवरच्या घड्याळावर,
नव्या हारातून झेंडूच्या पाकळ्या
थेट पंख्याच्या जाळीवर.
(त्या मी उचलल्या. हवा कोंडते.)
कपलिंगच्या मागे सुकलाल,
गार्डचा शेवटचा बोल्ट बसवत.
दिसत होते फक्त त्याचे तळपाय.

“एक बोल्ट राहिला तर राहू द्या,” शेठ म्हणाले,
“बटण तर दाबायचंय.”
कुणी हसलं. कुणी म्हणालं, पोरीजवळ किल्ली कशाला?
अकरा चाळीस.

आणि चाचांनी हात पुढे केला.
तळवा वर.
“दे बेटा.”

मी त्या हाताकडे पाहिलं.
पाच बोटं. ग्रीस. अंगठ्यावर जुना चटका.
या हातानंच मला शिकवलं होतं
की स्टार्टरचं दार उघडण्याआधी
टेस्टर चालू लाइनवर तपासायचा,
मग बंदवर, मग पुन्हा चालूवर,
कारण खोटं बोलणारा टेस्टरही
गप्पच बसतो.

किल्ली खिशात होती, गरम झालेली.
“नही, चाचा,” मी म्हणाले.
आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

घड्याळ पुढे गेलं.
भटजींनी पंचांग मिटलं, पुन्हा उघडलं.
चाचांनी हात मागे घेतला, पँटला पुसला,
आणि काहीही न बोलता
चहा सांगायला निघून गेले.
ती परीक्षा होती की शेठचा धाक,
मी अजून विचारलेलं नाही.

अकरा एक्कावन्नला सुकलाल बाहेर सरपटला,
केसांत रुई, हातात पाना,
म्हणाला, “झालं. काय, सगळे थांबले का?”
पाने मोजले. माणसं मोजली.
मग कुलूप काढलं.

स्टारमध्ये ती आधी नुसती कण्हली,
साठ घोडे अंग झाडत उठावेत तशी,
मग डेल्टाचा ठोका पडला
आणि आवाज सरळ झाला.
अँपिअर पाहिले. बेअरिंगवर हात ठेवला:
कोमट.

नारळ शेठनी फोडला, थोडा रागातच.
मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला,
तो खाण्याआधी नळावर गेले,
ग्रीस निघेना म्हणून राखेनं हात घासले,
एक, दोन, तीन,
मोठ्यानं नाही,
अजून लाज वाटते.