चार्ज देताना

किल्ल्या मोजून घे, प्रणाली. सात.
आठवी बॅटरीच्या खोलीची, ती कुलपातच राहते,
फिरवताना जरा वर उचलायची.
लॉगबुक हे. तासातासाला रीडिंग.
आणि खिडकीबाहेर, पूर्वेच्या कठड्यावर
फुटक्या इन्सुलेटरच्या वाटीत वीतभर उभा आहे
तो यादीत नाही.
तो सरू.

तिघांतला तिसरा.
पहिला वर्ध्याच्या नर्सरीतून आणला आणि मारला.
लाडानं. दर ड्यूटीला एक मग पाणी.
लाइन ट्रिप झालेली, अख्खं सावंगी फोनवर शिव्या घालतंय
आणि ऑपरेटर मग घेऊन बाहेर.
सरू मेल्याचं लगेच कळू देत नाही.
खाली मुळं सडलेली, वर महिनाभर हिरवा.
त्या मेलेल्याला मी महिनाभर पाजत होतो
आणि शेऱ्यात लिहीत होतो: प्रकृती उत्तम.

दुसऱ्याला काळी माती घातली. धुऱ्यावरची,
जिच्यात पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागते.
पावसाळाभर चिखल. मग उन्हाळ्यात भेगा,
आणि भेगेबरोबर मूळही तुटलं, जुन्या सुतळीसारखं.
कोडापे लाइनमन म्हणाला,
"मोठ्या वावराची माती हाय हे, सायब.
वाटीत तिचा जीव घुसमटते."
त्यानंच भट्टीवरून विटांचा चुरा आणला, चाळला,
नदीची जाड रेती, मूठभर शेणखत.
झालं.

तिसरा लावला आणि मला कावीळ. बावीस दिवस.
परत आलो तर हा ताठ.
पाणी कोणी दिलं?
"दोनदा देल्लं. बाकी रोज बोट घालून पाह्यलं.
ओलं होतं. मंग कायले द्या?"

शास्त्र म्हणशील तर एवढंच आहे.
बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत.
मे महिन्यात मात्र रोज, कधी दोन वेळा;
तेव्हा दहानंतर त्याला भिंतीआड घे,
छप्पेचाळीस डिग्रीत तार लोंबते, तो तर झाड आहे.
पण घरात नेऊ नकोस. टेबलावर शोभतो म्हणून नेशील,
तेवढ्यानं जाईल.

कात्री नको.
हरभऱ्याची भाजी खुडतात ना, तसे शेंडे,
चिमटीत धरून.
हिरव्यातच थांब. तपकिरी लाकडावर गेलीस
तर तिथं पुन्हा काही फुटत नाही.
डाव्या अंगाला ते ठूठ दिसतंय?
बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला
त्या दिवशी हातात पक्कड होती.

तार त्या जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतली, तांब्याची.
फांदी एका दिवशी वाकवायची नाही.
आज थोडी, पुढच्या पगाराला थोडी.
गुंडाळल्याची तारीख लॉगबुकात टाक,
चार महिन्यांनी काढ. उलगडू नकोस, तुकडे करून काढ.
मी एकदा विसरलो होतो. वळ बघ खोडावर, हात लावून बघ.
झाड ते भरून काढत नाही, त्याच्याभोवती जाड होतं.

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं,
आठ वर्षांत एवढाच?
मी म्हणालो, हो सर.
त्यांनी ऑइल टेम्परेचर पाहिलं आणि गेले.

नेणार होतो मी. मोटरसायकलवर,
टाकी आणि पोटाच्या मध्ये, पोत्यात बांधून.
काल सोडवायला गेलो तर वाटीच्या भोकातून
एक मूळ कठड्याच्या फटीत उतरलेलं.
कधी उतरलं, नोंद नाही.
कापता आलं असतं.

रात्री दोनचं रीडिंग घेतलं की डोळे मिटतात,
सगळ्यांचेच. खुर्चीत बसू नकोस तेव्हा.
बाहेर ये. ट्रान्सफॉर्मर घुं करत असेल.
बोट घाल.
ओलं लागलं तर काही करू नकोस.
हे काही न करणं मला जमायला
दोन झाडं लागली.

सही इथं. तारीख, वेळ.
पेन झटक दोनदा, उतरत नाही लवकर.