साडेचार माणसांचं घर

गावाचं पुढचं काढायच्या तीन रीती आहेत,
काझी साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
एक सरळ बेरजेची,
एक व्याजावर व्याज चढतं तशी,
तिसरीचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
तिन्ही करायच्या, मग सरासरी.
म्हणजे चुकलो तर तिन्ही मिळून चुकलो.

पारोळा नगरपालिका, माडीवरची खोली.
मार्चमध्येच लावलेल्या कूलरचा ओल्या वाळ्याचा वास,
टेबलभर पसरलेला नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट,
आणि मागच्या जिनिंगमधून उडत येणारी रुई,
जी नेमकी नदीवर येऊन बसते.
मी फुंकर मारून बोरी मोकळी करते
आणि लिहिते :
२०४१ पर्यंत वाढणारी माणसं, अठरा हजार तीन.
भागिले साडेचार.

एका घरात साडेचार माणसं,
असं वरून आलेल्या तक्त्यात आहे.
आमच्या घरी आम्ही चौघं
आणि सुरतेहून दिवाळीपुरता येणारा दीर.
तो अर्धा असावा.

चार हजार घरं. बाकी तीन.
या तिघांचं काय करू, मी विचारलं.
साहेब चष्मा पुसत म्हणाले,
आराखड्यात बाकी लिहीत नसतात.

सभेत आकडा माझ्या हातून गेला.
हिलाल आण्णा उभे राहिले :
चारच हजार? गावाची काही पत आहे की नाही? पाच करा.
पाच केले की पिवळा रंग धुळे रस्ता ओलांडून
आण्णांच्या कपाशीच्या बांधाला लागतो,
हे मला रंगवतानाच दिसलं होतं.
विमलताई बडगुजर बसूनच बोलल्या :
आज नळाला नवव्या दिवशी पाणी.
तुमच्या पाच हजारांना काय, पाहुण्यासारखं
सणावारी येणार का?
कुणीतरी हसलं. चहा आला.
कप रिकामे होईपर्यंत शेचाळीसशे ठरले.
सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते.
मी खोडरबर घेतला.
चार हजारातली शून्यं लगेच पुसली जातात,
खाली काही लिहिलेलंच नसतं.

मग हरकतींचे तीस दिवस.
जिन्यावर चपला.
सुपडू मिस्तरी नकाशा न बघताच विचारून गेला,
शेचाळीसशे घरं बांधणार कोण, बाई?
माझी दोन्ही पोरं वापीला.
एक वकील आला, टाईप केलेली सोळा पानं घेऊन.
एक जण फक्त कूलरपुढे बसून गेला.

एकोणतिसाव्या दिवशी ठगूबाई.
जिनिंगच्या मागची. तिथे तीस-चाळीस घरं आहेत,
पत्र्याची, काही विटांची, एकाला तर गच्ची.
पिवळ्या रंगावर बोट ठेवून म्हणाली,
"मनं घर कोनता रंगमा शे, माय?"
मी शोधलं.
रस्ता सापडला, जिनिंगची भिंत सापडली,
त्यामागे एक निळी रेघ, आणि छापलेलं : नाला.
निळ्यात आहे, आजी.
"पानी ते कधी उनं नही तठे,"
ती म्हणाली, जणू पाण्याचीच तक्रार आहे.

मग तिने साल विचारलं. मी सांगितलं.
बोटांवर काहीतरी मोजलं, मध्येच सोडून दिलं,
आणि दात नसलेलं हसली :
"माले धरं का तुम्ही त्यामा?"

मला खरंच माहीत नव्हतं.
तिन्ही रीतींत जन्म येतात, मृत्यू जातात,
नावानिशी कुणी येत नाही, जात नाही.

अर्ज मीच लिहिला. क्रमांक एकशे सत्त्याण्णव.
अंगठा तिचा, शाईचं उरलेलं पदराला.
हरकतीचा विषय, या रकान्यात
बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं :
घर आहे.

संध्याकाळी साहेबांनी गठ्ठा चाळला,
तिथे थांबले.
ही हरकत नाही, म्हणाले, ही नुसती माहिती झाली.

मी तोवर पावती देऊन बसले होते.